मामांच्या गाडीतलं कार्ड

सोमवार, ३ मार्च

आज मामांनी शाळेच्या गाडीसाठी कॅमेरा आणला. शाळा म्हणजे मामांची गाडी शिकवण्याची शाळा, आणि गाडी म्हणजे ती एकच, पिवळी. कॅमेरा पुढच्या काचेला आतून चिकटतो आणि रस्त्याचं चित्रण करत राहतो. मागच्या आठवड्यात एका सायकलवाल्याने आमच्या बंपरला धडक दिली आणि वर आम्हालाच चार शब्द सुनावले, तेव्हाच मामा म्हणाले होते, "आता पुरावा ठेवायचा. तोंडाने भांडायचे दिवस गेले."

खोक्यात कॅमेरा, वायर, चिकटपट्टी आणि माहितीपुस्तक निघालं. मेमरी कार्ड नव्हतं. ते वेगळं घ्यावं, असं पुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं.

मामा म्हणाले, "ते काम तुझं. तू बारकाईने बघतोस."

मामी आतून म्हणाल्या, "म्हणूनच काळजी वाटते. हा कार्ड निवडेपर्यंत गाडी भंगारात जाईल."

मी पुस्तक दोनदा वाचलं. दहावीला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणितात गेलो, पण वाचलेलं मला समजतं. कार्ड १२८ जीबीपर्यंतचंच हवं. वेगाचा आकडा दहा किंवा त्यावर हवा. आणि शक्यतो हाय एन्ड्युरन्स प्रकारचं हवं, कारण या कॅमेऱ्यात कार्ड दिवसभर लिहितं, जागा संपली की सगळ्यात जुनं पुसतं आणि पुन्हा लिहितं. साधं कार्ड या कामाने थकून मरतं. हे वाचून मला त्या कार्डाबद्दल वाईट वाटलं.

माझं काम इथे लिहून ठेवतो, कारण ते मला आवडतं. मामा ऑफिसात टेबलावर खेळण्यातल्या मोटारी मांडून नियम शिकवतात. रस्त्यावरचं मी बघतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, सांगत राहायचं, आणि वेळ आली की माझ्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबायचा. घाबरट माणूस त्या ब्रेकवर फार चांगला, असं मामा म्हणतात. दुसरं कुठलंही काम मला इतकं नीट जमलेलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने २५६ जीबीचं कार्ड पुढे सरकवलं.

"मला १२८ पाहिजे."

"दुप्पट देतोय आणि तू नको म्हणतोस?"

"पुस्तकात १२८ लिहिलंय."

"पुस्तक लिहिणारा गाडी चालवतो का?"

यावर मला काही सुचलं नाही म्हणून कार्ड घेतलं. उत्तर घराच्या जिन्यात सुचलं, पण तिथे कुणी नव्हतं.

कॅमेऱ्यात घातल्याबरोबर लाल अक्षरात आलं, कार्ड एरर. मग ते ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलं. तिथे फॉरमॅट करायचा पर्याय होता. कार्डाची मांडणी एफएटी ३२ हवी की एक्सफॅट, असं त्याने विचारलं. मी वडाच्या झाडाखाली उभं राहून दोन रस्त्यांकडे बघावं तसा बघत राहिलो. शेवटी एक निवडला, तर पाटी आली, "यावरील सर्व माहिती नष्ट होईल. पुढे जायचे?"

माझा हात थांबला.

मामा मागे उभे होते. "अरे, त्यात आहे काय?"

"काही नाही. नवीन आहे."

"मग कसली भीती?"

"काही असलं तर?"

मामांनीच बटण दाबलं.

गुरुवार, ६ मार्च

कार्डावर लिहिलेला आकडा खरा आहे की नाही हे बघायचं तर ते गच्च भरून बघावं लागतं. म्हणून मामांच्या वर्गातली वाहतुकीच्या चिन्हांची चित्रं मी त्यावर पुन्हा पुन्हा उतरवली. आठ जीबीनंतरचं एकही चित्र उघडेना. कार्ड आठचंच होतं, वर फक्त २५६ छापलं होतं.

दुकानात परत गेलो.

"तू भरून बघितलंस?" दुकानदाराने विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"हो."

"असं कुणी करतं का!"

त्याला खरंच लागलं होतं, म्हणून मी माफी मागितली. मग त्याने खालच्या कप्प्यातून हाय एन्ड्युरन्स १२८ काढलं. माझ्याकडे न बघता दिलं.

शनिवार, ८ मार्च

जमलं! कार्ड कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं असतं. कॅमेऱ्याला हवी तशी मांडणी तो स्वतःच करून घेतो. पान सात. मी पान सात आधी वाचलं होतं, पण तेव्हा माझ्याकडे कार्ड नव्हतं म्हणून ते मनावर घेतलं नव्हतं.

चाचणी घ्यायला मामा स्वतः गाडी चालवायला बसले. पुढे रस्ता खोदलेला निघाला. मी म्हणालो, "मामा, मागे घ्यावी लागेल." मामा लगेच उतरले. "तू घे. तुझा हात बसलेला राहू दे." मामांचं हे नेहमीचं आहे. गाडी मागे घ्यायची वेळ आली की ते मला संधी देतात, आणि मी नसलो की सरळ पुढे जाऊन लांबच्या चौकाला वळसा घालून येतात. त्याने इंजिन मोकळं राहतं म्हणे. स्वतःला सगळं येत असून दुसऱ्याला पुढे करायला मोठं मन लागतं.

घरी येऊन आम्ही चित्रण बघितलं. रस्ता स्वच्छ दिसत होता. खड्डा आला तेव्हा मामांनी जे म्हटलं होतं तेही ऐकू आलं.

"यात आवाजपण येतो?" मामांनी विचारलं.

"येतो. स्पष्ट येतो."

मामांना एकदम तहान लागली. ते पाणी प्यायला आत गेले.

मंगळवार, ११ मार्च

कॅमेरा बंद पडला. "कार्ड भरले" असं म्हणतो. जुनं पुसून नवं लिहिणारं कार्ड भरेल कसं? दुपारचं जेवण गेलं नाही.

संध्याकाळी कारण सापडलं आणि ते फार गमतीचं आहे. जोरात ब्रेक लागला की कॅमेऱ्याला वाटतं अपघात झाला. मग तो त्या वेळच्या फाईलला कुलूप लावतो, म्हणजे ती पुसली जाऊ नये. साध्या गाडीला असं कुलूप कधीतरी लागत असेल. आमच्या गाडीत सध्या दातांच्या डॉक्टरीणबाई शिकतात.

बाई दात काढताना हलत नाहीत, असं ऐकलं आहे. गाडीत मात्र त्या डोळे मिटतात आणि दोन्ही पाय जे सापडेल त्यावर ठेवतात. आजचंच:

"बाई, काय झालं?"

"कबूतर."

"ते तारेवर बसलंय."

"हो, पण उतरलं असतं तर?"

मला हे पटलं, ही त्यातली अडचण आहे. दोन दिवसांत सगळं कार्ड कुलूपबंद कबूतरांनी भरून गेलं.

कॅमेऱ्याला धक्का जाणवायची सेटिंग कमीत कमीवर ठेवली. बाई तरीही कॅमेऱ्याला पुरून उरल्या. मग मामांनीच उपाय सांगितला. "रोज फॉरमॅट करायचं. रोज दात घासतोस ना? तसं."

"पुस्तकात महिन्यातून एक-दोनदा पुरे म्हटलंय."

"पुस्तकवाल्यांकडे बाई आहेत का?"

हेही बरोबर होतं. मामा कार्डाच्या तब्येतीकडे इतकं लक्ष देतील असं मला वाटलं नव्हतं.

रविवार, १६ मार्च

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण लिहितो.

सकाळी मी उठलो तेव्हा मामा मामींना बसस्टँडवर सोडून परतही आले होते. मामी आठवडाभर बहिणीकडे गेल्या आहेत. मी म्हणालो, "मला उठवायचं ना, मी गाडी काढली असती." मामा म्हणाले, "झोपू दिलं तुला." मी कार्ड फॉरमॅट करायला गेलो तर ते आधीच रिकामं. मामांनी स्वतःहून केलं होतं, तेही चष्म्याशिवाय! मनावर घेतलं तर माणूस कुठल्याही वयात शिकतो.

मग समोरचे आजोबा आले. ते वजनमापं तपासणीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि खिशात अजून मोजायची टेप बाळगतात. त्यांनी आम्हाला बोळ ओलांडून स्वतःच्या फाटकाशी नेलं. फाटक आत वाकलं होतं आणि त्यावर पिवळा रंग लागला होता. आमच्या गाडीच्या मागच्या बंपरवर फाटकाचा हिरवा.

"काल संध्याकाळी गाडी कुणी लावली?" आजोबा.

"मी."

"लावताना मागेपुढे केलीस?"

"केली."

"मग आणखी काय विचारायचं?"

मी म्हणालो, "आजोबा, धक्का लागला असता तर मला कळलं असतं." पण म्हणतानाच माझा आवाज चोरासारखा निघाला. मी पळत जाऊन कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणलं आणि मग आठवलं की ते रिकामं आहे.

मामा चपलांकडे बघत म्हणाले, "कार्डात काही नाही, म्हणजे तसं काही घडलंच नाही."

"मग फाटकाने काय नमस्कार केला?" आजोबा म्हणाले. "हा पोरगा पुन्हा त्या गाडीत दिसला तर मी तुमच्या शाळेच्या पाटीखाली खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला फाटक दाखवायला आणेन."

मामा मला म्हणाले, "काही दिवस तू ऑफिसातच बस. महिनाअखेर दुसरा कुणी मिळतो का बघू."

दुसरा कुणी. माझ्या ब्रेकवर.

सोमवार, १७ मार्च

मीच केलं असेल का? ऑफिसच्या टेबलावर खेळण्यातली गाडी आणि डस्टर ठेवून शनिवारची संध्याकाळ पुन्हा करून बघितली. खेळण्यातली गाडी लागली नाही. मग जरा जास्त मागे घेतली, तर लागली. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण झोप येण्यासारखंही काही सिद्ध होत नाही.

मामा माझ्याशी फार चांगले वागत आहेत. स्वतः चहा करून आणला. साखर विसरले होते, पण आणला. त्यांच्या खुर्चीवरची उशीही मला दिली. त्यांना माझी इतकी दया येते याचाच मला त्रास होतो.

डॉक्टरीणबाईंना आज मामांनी नेलं. कार्ड माझ्या खिशातच राहिलं होतं. मी द्यायला गेलो तर म्हणाले, "असू दे. कॅमेऱ्यालाही विश्रांती." परत आल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचे मामा नुसतं पुढे पुढे घेऊन गेले हो. मध्ये शेतं लागली. मला वाटलं, घरी फोन करून ठेवावा."

बुधवार, १९ मार्च

शनिवारी संध्याकाळी मी नक्की काय केलं ते बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी केलं असेल तर आजोबांच्या पाया पडून फाटक सरळ करून देईन. म्हणून मोबाईलच्या दुकानात गेलो आणि विचारलं, फॉरमॅट केलेलं परत येतं का.

"त्याच्यावर नवीन काही भरलंस?"

"नाही. खिशातच आहे."

"मग येतं की! फॉरमॅट म्हणजे दारावरच्या पाट्या काढायच्या. घरं जागेवरच असतात. नवं बिऱ्हाड येईपर्यंत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू नुसता भरून बघतोस." पण मग त्याने पुसलेल्या फाईली शोधायचा प्रोग्रॅम दिला, आणि तो कसा चालवायचा हे दोनदा सांगितलं. मला वाटतं त्याने मला माफ केलं आहे.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळपासून कॉम्प्युटर कार्ड धुंडाळत होता. दुपारी फाईली आल्या. नावं गेली होती, सगळ्यांना नुसते आकडे. कबूतरांमागून कबूतरं. शनिवार संध्याकाळ सापडली. मी गाडी लावतो, इंजिन बंद होतं, कुठेही धक्का नाही. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. मी फाटकाला लागलो नव्हतो. मला रडू येईल असं वाटलं, पण शिंक आली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण पुढे आणखी एक फाईल होती, आणि मी भरून बघणारा माणूस आहे.

रविवार सकाळ. कॅमेरा पुढे बघत असल्यामुळे चित्रात फक्त आमच्या ऑफिसची भिंत आहे. आवाज मात्र स्वच्छ आहे. जसाच्या तसा उतरवतो.

मामी: "बस चुकेल अहो. त्याला उठवा, तो काढून देईल गाडी."

मामा: "त्याला कशाला? वीस वर्षं शाळा चालवतोय मी."

मामी: "शाळा चालवताय. गाडी मागे घेताना मी अजून बघितलेलं नाही."

मामा: "आज बघ."

गिअरचा आवाज. भिंत हळूहळू लहान होते.

मामी: "मान वळवा."

मामा: "वळवली."

मामी: "माझ्याकडे नव्हे! मागे!"

भिंत भराभर लहान होते. धाड.

हँडब्रेक ओढल्याचा आवाज.

मामा: "यांचं फाटक एवढं पुढे कधीपासून आलं?"

मामी: "आजच जाऊन त्यांना सांगा. नाहीतर पोरावर येईल."

मामा: "सांगतो, सांगतो. तुला बसमध्ये बसवतो आधी."

मग गाडी पुढे निघते आणि फाईल संपेपर्यंत पुढेच जाते.

आधी मला वाटलं की याचा दुसरा काही अर्थ असेल. मग वाटलं की नसेल.

हे आजोबांना ऐकवलं तर उद्या मी गाडीवर. पण आमच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, "मागे-पुढे सर्व शिकवले जाईल." ज्या शाळेच्या मालकाला मागे येत नाही तिथे कोण येणार? शाळाच नसली तर गाडी नाही आणि दुसरा ब्रेकही नाही. आणि नाही ऐकवलं तर महिनाअखेर त्या सीटवर दुसरा कुणी. दोन्हीकडून माझी जागा जाते. गणितात गेलेल्या माणसालाही एवढं कळतं.

तेवढ्यात मामा आले.

"काय करतोयस?"

"पुसलेलं परत येतं का ते बघत होतो."

"येतं का?"

"येतं."

"सगळं?"

"आवाजासकट."

मामा माझ्या टेबलावरचं पाणी प्यायले. ते माझं होतं. मग बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. मी फाईल कुणाला दाखवली नाही आणि पुसलीही नाही.

शनिवार, २२ मार्च

मामी आल्या. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत मामांना विचारलं, "सांगितलंत ना त्यांना?" मामा पंख्याकडे बघू लागले. मग मामी माझ्याकडे वळल्या.

"तू या वेळेला ऑफिसात कसा? बाईंची शिकवणी नाही?"

"मी सध्या गाडीवर नाही, मामी."

"का?"

कॉम्प्युटर चालू होता. एक बटण दाबलं असतं तर भिंत लहान व्हायला लागली असती. मामांच्या कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "मामा सांगतील."

मामांनी सांगितलं. उभ्यानेच, थांबत थांबत, पण सगळं. माझ्याकडे न बघता. मामी ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. त्यांनी पिशवी परत खांद्याला लावली.

"चला."

"कुठे?"

"फाटकाकडे."

"चहा तरी घे, प्रवासातून—"

"फाटकाकडे."

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांनी टेप थोडी बाहेर काढली, सोडली, पुन्हा काढली.

"म्हणजे तुम्हाला गाडी मागे घेता येत नाही?"

"येते," मामा म्हणाले. "सरळ येत नाही."

"मग लायसन्स कसं मिळालं?"

"परीक्षा घेणाऱ्यांना त्या दिवशी घाई होती. आणि पुढे मी फार छान चालवली होती."

"आणि बोलणी या पोराने खाल्ली. तुम्ही बाजूला उभे होतात."

मामा म्हणाले, "हो." इतकं लहान 'हो' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आजोबांनी आमच्या पाटीकडे बघितलं. आता खुर्ची मागवतात असं मला वाटलं. मी घाबरलो होतो, पण मी नेहमीच घाबरतो, म्हणून बोललो. "आजोबा, मामांना मी शिकवतो. रोज. पाटी खोटी राहणार नाही."

"तू?"

"दुसरा ब्रेक माझ्याकडे असेल."

मामी म्हणाल्या, "मला बसवायचं असेल तर मी त्याच्याच भरवशावर बसेन. यांच्या नाही."

आजोबांनी टेप खिशात टाकली. "सोमवारपासून हा गाडीवर. आणि तुम्ही," ते मामांना म्हणाले, "शिकाऊ. फाटक तुम्ही स्वतः सरळ करून द्यायचं, मजूर लावायचा नाही. लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी फाटकापुरता माणूस आहे."

परत येताना मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाईंचं तू कसं सहन करतोस रे?"

सोमवार, २४ मार्च

सकाळी बाई, मग एक नवीन मुलगा, मग मामा.

गोदामामागच्या मोकळ्या जागेत गेलो. कार्ड मी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घेतलं होतं, पान सातप्रमाणे. मामा चालवायच्या सीटवर, मी शेजारी.

"सीटबेल्ट, मामा."

"मला सांगतोस?"

"सगळ्यांनाच सांगतो."

त्यांनी लावला. वीस वर्षं टेबलावर जे शिकवलं ते सगळं त्यांनी मला म्हणून दाखवलं, एकही शब्द चुकला नाही. मग गिअर टाकला आणि गाडी मागे निघाली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा दोन्हीकडे. मी ब्रेक दाबला. कॅमेरा टिंग करून म्हणाला, फाईल सुरक्षित केली आहे. पुन्हा निघाली, पुन्हा दाबला. टिंग. मला एकदम जाणवलं की मघापासून मी घाबरलोच नव्हतो. इतकं सगळं चुकत होतं आणि ते सगळं माझ्या पायाखाली होतं.

चौथ्या वेळी गाडी बरीचशी सरळ चालली होती. मामा खूश होऊन माझ्याकडे वळले.

"हे सगळं संध्याकाळी फॉरमॅट करशील ना रे?"

गाडी अजून चालतच होती.

मी म्हणालो, "मागे बघा."